त्यांना सोडू नका

दुपारचा दीड वाजला होता. पंख्यांच्या कंपनीतल्या तक्रार-खिडकीवरच्या बाई दाढ काढायला गेल्या होत्या, म्हणून त्यांच्या खुर्चीत ठकीला बसवलं होतं. एरवी ठकी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून टाइप करत बसायची. तिच्या वाट्याला लोकांची पत्रं येत, लोक येत नसत. त्यामुळे आज समोरून माणसं येणार, बोलणार, याचं तिला अप्रूप वाटत होतं. पण तासभर कुणी फिरकलंच नाही. ऊन मी म्हणत होतं. ती पेन्सिल चावत बसली.

तेवढ्यात एक उंच, सडपातळ माणूस काखोटीला टेबलफॅन मारून आत आला. वायर मागून फरफटत येत होती. त्याने पंखा झोपलेलं मूल ठेवावं तसा अलगद फळीवर ठेवला, रुमालाने मान पुसली आणि म्हणाला,

"अभिनंदन."

"कशाबद्दल?"

"तेच विचारायला आलोय."

त्याने खिशातून मासिकाचं एक घडी केलेलं पान काढून तिच्यापुढे पसरलं. कंपनीची नवी जाहिरात होती. वर पंख्याचं चित्र, खाली ठसठशीत इंग्रजी अक्षरांत एका ग्राहकाचं मत, आणि त्याखाली त्याचं नाव, धंदा, पत्ता. ठकीला ती वाचावीच लागली नाही. त्यातला शब्दन् शब्द तिचाच होता.

कंपनीचं हेड ऑफिस समुद्रापलीकडे होतं आणि तिथे इंग्रजीशिवाय काही चालत नसे. इकडच्या ग्राहकांची मराठी पत्रं इंग्रजीत करून दर आठवड्याला तिकडे पाठवायची, एवढंच ठकीचं काम. ती नोकरीला लागून पाच महिने झाले होते आणि सहा महिन्यांनी कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरणार होतं. दीड महिन्यापूर्वी तिच्या टेबलावर एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं पत्र आलं होतं. तक्रारींच्या ढिगात एक कौतुकाचं पत्र पाहून तिला इतका आनंद झाला होता की तिने ते सगळ्यांत आधी हातात घेतलं. 'अभिनंदन. सगळा जन्म मी कान टवकारून बसलोय, पण तुमच्या पंख्याइतका शांत पंखा आजवर ऐकला नाही. तो खोलीत आहे की नाही, तेही कळत नाही. टेबलावरचा कागदसुद्धा हलत नाही. घरी आल्यापासून त्याने कसलीही तसदी घेतलेली नाही. माझ्या सगळ्या ओळखीच्यांनी हा पंखा एकदा पाहायलाच हवा.'

किती मनापासून लिहिलंय, असं तेव्हा तिला वाटलं होतं. आता समोरचा पंखा पाहून तिने तीच वाक्यं मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिली.

"माझ्या पत्राचं हे इंग्रजी कुणी केलं?" कारागिराने विचारलं.

"मी."

खोटं बोलण्याची तिला सवयच नव्हती. तो जरा गडबडला.

"तुम्ही? मला वाटलं, कुणी टकले गृहस्थ असतील. येताना रस्ताभर मी त्यांच्यासाठी भाषण तयार केलं होतं."

"मग मलाच ऐकवा... टकलाचा भाग गाळून."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग पंख्याची पिन भिंतीतल्या प्लगमध्ये खोचली आणि बटण दाबलं.

"ऐका."

ती पुढे वाकली. तोही वाकला. दोघांचे कान पंख्याच्या दोन बाजूंना, मधे स्तब्ध पाती. तिच्या कपाळावरची बट जागची हलली नाही.

"काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"बघा. तुमचंही तेच मत आहे. तुमचंही छापायला सांगू का?"

ठकीला हसू आवरेना. ओढणी तोंडाशी धरून ती हसली आणि तो मात्र गंभीर चेहरा करून उभा राहिला. पण त्याच्या डोळ्यांच्या कडा जरा सैल झाल्याचं तिला दिसलं. मग त्याने पुढचं सांगितलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

गावातल्या संगीत शाळेत अकरा पियानो आणि पन्नासेक व्हायोलिनं होती. वर्षभर ती सुरात ठेवायचं काम या कारागिराकडे होतं. त्याचं निम्मं पोट त्यावर चाले. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी जाहिरातीत त्याचं नाव पाहिलं, आपल्या माणसाचे कान म्हणजे खात्रीच, म्हणून डोळे मिटून बारा पंखे मागवले. बारांतला एकही फिरेना. बाई म्हणाल्या, ज्याच्या कानांवर एवढाही भरवसा ठेवता येत नाही, त्याच्या हाती मी पियानो कशी देऊ? या सत्रानंतर येऊ नका.

"मी त्यांना सांगितलं की तो टोमणा होता," कारागीर म्हणाला. "तर म्हणाल्या, मला इंग्रजी येतं, त्यात टोमणा कुठेच दिसत नाही. आणि खरंच दिसत नाही हो. तुम्ही इतकं गोड लिहिलंय की वाचून मलाच दुसरा पंखा घ्यावासा वाटला."

हा टोमणा मात्र ठकीला कळला. तिची मान खाली गेली.

*

शाखेचे साहेब तसे देवमाणूस, पण घाबरट. टेबलाच्या खणात पित्ताच्या गोळ्या ठेवलेल्या असत. काही बिनसलं की एक चघळायला घेत. ठकीने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी दोन घेतल्या.

"चूक तुझी, तर दुरुस्तीही तूच कर," ते म्हणाले. "पत्राचं नव्याने इंग्रजी कर, खुलासा जोड. पण हेड ऑफिसला नीट कळेल असं लिही बाई. आणि या गृहस्थांना विचारून लिही. आपल्या मनाचं नको."

कारागिराचं दुकान गुरुवारी बंद असायचं. म्हणून गुरुवारी दुपारी तो आला. आतल्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, मधे ते मूळ पत्र. काम तासाभरात उरकेल असं दोघांनाही वाटलं होतं.

"सरळ लिहून टाका, पंखा बंद आहे," तो म्हणाला.

"मग हेड ऑफिस म्हणेल, आधी कौतुक केलंत आणि आता फिरलात. तुम्ही पहिल्यापासून तक्रारच केली होती, हे दिसायला हवं. म्हणजे तुमचं वाक्य तसंच ठेवून त्यातला टोमणा इंग्रजीत आणायचा."

"मग आणा."

"कसा? तुम्ही लिहिलंय 'शांत'. मी 'क्वाएट' म्हटलं. 'सायलेंट' म्हणू?"

"फरक काय?"

"क्वाएट म्हणजे शांत. सायलेंट म्हणजे... गप्प."

"गप्प चांगलंय. गप्प माणसाचं काहीतरी बिनसलेलं असतं."

"पण हेड ऑफिस तेही छापेल. 'सायलेंट फॅन' म्हणून."

त्याने डोक्याला हात लावला. ठकीने पेन्सिल तोंडात घातली. बाहेर वारा सुटला होता, खिडकीचं दार मधूनच हळूच आपटत होतं आणि प्रत्येक वेळी तो नकळत तिकडे मान वळवी, जणू त्याचा सूर तपासतोय.

"तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?" त्याने विचारलं. "म्हणजे... वाचताना जराही शंका आली नाही?"

"आमच्या घरात असं कुणी बोलत नाही," ती म्हणाली. "बाबा जमीनमोजणी खात्यात होते. त्यांच्याकडे वीत म्हणजे वीत. एकदा शेजारच्या काकू वैतागून म्हणाल्या, या, बसा आमच्या डोक्यावर. तर बाबा म्हणाले, नको, मी उभाच बरा आहे."

तो मोठ्याने हसला. हसताना अगदी लहान दिसला. ठकीला वाटलं, या माणसाला आणखी दोन-चार गोष्टी सांगाव्यात बाबांच्या.

त्या गुरुवारी काम झालं नाही. पुढच्या गुरुवारी ऑफिसात रंगकाम निघालं, म्हणून साहेबांनी तिला त्याच्या दुकानात पाठवलं. दुकान कसलं, एक लांबट खोली. भिंतीवर तारांविना टांगलेली व्हायोलिनं, लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास. आणि दारातच त्याची आत्या. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं.

"ये ग, बस," आत्या म्हणाली. "खुर्ची पुसलेली आहे. आमच्या राजेसाहेबांनी स्वतः पुसली. फार दमलेत, आता आठवडाभर विश्रांती घेतील."

"आत्या..."

"मी कुठे काय म्हटलं? मी आपली आत जाते. मला काय ऐकायचंय तुमचं इंग्रजी." आणि ती आत न जाता तिथेच भाजी निवडत बसली.

ठकीने हसून पत्र उघडलं. आज तिने ठरवलं होतं, अर्थ धरायचा नाही, नुसता एकेक शब्द पाहायचा. बोट ठेवून ती वाचत गेली आणि एका ओळीवर तिचं बोट थबकलं.

"इथे... 'तसदी घेतलेली नाही' असं आहे."

"हो."

"मी इंग्रजीत केलं, पंख्याने तसदी दिलेली नाही. मला वाटलं, घाईत तुमच्या हातून 'दिली'चं 'घेतली' झालं असेल. म्हणून मीच... दुरुस्त केलं."

कारागिराने पत्र स्वतःकडे ओढून ती ओळ पुन्हा वाचली.

"म्हणजे माझ्या सगळ्या पत्राची किल्ली त्या एका शब्दात होती," कारागीर सावकाश म्हणाला, "आणि तुम्ही ती उचलून नीट कपाटात ठेवलीत."

"हो," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. पण डोळे चमकत होते. "अहो पण मग सोपं आहे. बाकी सगळं तसंच ठेवते. फक्त इथे... 'इट हॅज नॉट टेकन द ट्रबल टु टर्न.' फिरण्याची तसदी घेतली नाही. हे वाचलं की मागची सगळी वाक्यं आपोआप तिरकी होतात. शांतसुद्धा. कागदसुद्धा."

त्याने ते इंग्रजी वाक्य पुटपुटून पाहिलं. एकदा, दोनदा. मान तिरकी करून, डोळे मिटून, तार लावताना ऐकत असेल तसं.

"लागलं," तो म्हणाला.

तेवढंच. पण तसं त्याने आजवर काही म्हटलं नव्हतं. ठकीला उगाचच पदवी मिळाल्यासारखं वाटलं. तिकडे आत्याने निवडलेली भाजी न निवडलेल्या भाजीत घातली आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

निघताना आत्या दारापर्यंत आली. "त्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस हो," ती हळूच म्हणाली. "लहानपणी तापाने फणफणला की म्हणायचा, मस्त गार वाटतंय. माझंच वळण. आता मोडत नाही."

*

तिसऱ्या गुरुवारी खुलासा टाइप झाला, साहेबांची सही झाली, हेड ऑफिसला ईमेल गेला. ठकी त्याला सोडायला फाटकापर्यंत आली. खरं तर फाटक समोरच होतं, सोडायची काही गरज नव्हती.

तो तिथे घोटाळला. बॅगेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"चला," तो म्हणाला. "सुटलो एकदाचे. आता दर गुरुवारी इथे यायला नको. किती बरं झालं..."

ठकीला ते खरंच वाटलं. तीन आठवडे आपण गुरुवारचे कपडे बुधवारीच काढून ठेवत होतो, आणि हा सुटला. तिने ओठ घट्ट मिटले, मग शक्य तितक्या सहज म्हणाली,

"मलाही बरं वाटलं. माझी बाकीची कामं अडली होती."

त्याचा चेहरा कसनुसा झाला. "हो, तेही खरं," म्हणून तो वळला आणि मागे न बघता चालू लागला. एकदा तरी बघेल, असं वाटून ठकी उभी राहिली. तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाल्यावर आत गेली.

मग आठ दिवसांत सगळं भराभर झालं. हेड ऑफिसने जाहिरात मागे घेतली. त्या खेपेच्या सगळ्याच पंख्यांच्या मोटरीत एक तार सुटलेली निघाली. संगीत शाळेला बारा नवे पंखे गेले आणि सोबत माफीचं पत्र; त्यात स्पष्ट लिहिलं होतं की कारागिराने पहिल्या दिवसापासून तक्रारच केली होती, चूक भाषांतराची. मुख्याध्यापिकांनी त्याचं काम त्याला परत दिलं. हे ठकीला साहेबांकडून कळलं. तिला हायसं वाटलं. त्याने स्वतः येऊन सांगितलं असतं तर आणखी वाटलं असतं... पण तो गुरुवार तसाच गेला. पुढचाही.

आणि मग साहेबांनी तिला आत बोलावलं. खण उघडाच होता.

"तुझे सहा महिने उद्या भरतायत," ते म्हणाले. "ज्या ग्राहकाला त्रास झाला त्याचं मत घ्या, त्यावरून ठरवू, असं हेड ऑफिसने मागेच कळवलं होतं. मी त्याला पत्र टाकलं. हे त्याचं उत्तर." त्यांनी एक कागद पुढे केला. "नियमाने याचं इंग्रजी दुसऱ्या कुणी करायला हवं. पण दुसरं आहे कोण? उद्या पाचच्या आत पाठव."

ठकीने उभ्याउभ्याच वाचलं.

'साहेब, तुमच्या भाषांतरकार बाईंबद्दल माझं मत विचारलंत. त्यांच्यासारखं माणूस शोधून सापडणार नाही. त्यांनी माझ्या एका पत्राचं इंग्रजी केलं आणि माझं सगळं आयुष्य बदलून गेलं. त्यांचं काम मी जन्मात विसरणार नाही. माझी एकच विनंती आहे. त्यांना सोडू नका.'

"हे... कसं घ्यायचं ग?" साहेबांनी विचारलं.

ठकीने कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

*

घरी तिने पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. बाबा चष्मा पुसत ऐकत होते.

"यात न कळण्यासारखं काय आहे?" ते म्हणाले. "सोडू नका म्हणजे नोकरीवरून काढू नका. भला माणूस दिसतो."

"बाबा, काहीतरीच काय?" ताई म्हणाली. ती माहेरपणाला आली होती आणि सासरी राहून तिला बोलण्यातले सगळे आडवळणाचे रस्ते माहीत झाले होते. "सोडू नका म्हणजे चांगली खरडपट्टी काढा. जन्मात विसरणार नाही, म्हणे. हे काय कौतुक आहे? ठके, तू त्याला दुखावलंस का?"

"त्यानेच मला..." ठकी म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

सकाळी ऑफिसात येऊन तिने कागद कॉम्प्युटरजवळ ठेवला. 'डू नॉट लेट हर गो' लिहिलं तर नोकरी राहील. 'डू नॉट लेट हर ऑफ' लिहिलं तर जाईल. मराठीत एकच शब्द, इंग्रजीत दोन टोकं. आपल्याला हवा तो अर्थ घ्यायला कुणी हात धरणार नव्हतं, आणि नेमकं म्हणूनच तिला तो घेववेना. एकदा आपल्या मनचं लिहून एका माणसाचं पोट धोक्यात आलं होतं. दुपारी तीन वाजता ती उठली, साहेबांना म्हणाली, "तासाभरात येते," आणि तडक दुकान गाठलं. आत्या एकटीच होती.

"तो ना? संगीत शाळेत गेलाय. इथे बसून उसासे टाकण्यापेक्षा बरं. जा, तिथे चांगला प्रतिध्वनी येतो."

संगीत शाळेच्या मोठ्या दालनात नवे पंखे फिरत होते. वाऱ्याने स्टँडवरच्या वह्यांची पानं फडफडत होती. एका पियानोचं झाकण उघडं होतं आणि कारागीर कमरेपर्यंत त्यात वाकून एकच सूर पुनःपुन्हा वाजवत होता. टण्... टण्... टण्... ठकी मागे येऊन उभी राहिली. तो थांबेना, तेव्हा तिने घसा खाकरला. तो दचकून उठला आणि झाकण त्याच्या डोक्याला लागलं.

"लागलं का हो?"

"नाही... छान वाटलं."

"असं नका बोलू," ती म्हणाली. "आज असं अजिबात बोलू नका. मला एक शब्द विचारायचाय. पाच वाजता पत्र जायचंय. 'सोडू नका' म्हणजे काय?"

तो डोकं चोळायचा थांबला.

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला काय वाटतं ते विचारू नका. मागच्या वेळी मला वाटलं ते छापून आलं."

त्याला हसू येणार होतं, पण तिचे डोळे पाहून ते विरलं. त्याने हातातली तारा पिळायची किल्ली पियानोवर ठेवली.

"ते पत्र मी सात वेळा लिहिलं," तो म्हणाला. "दर वेळी सरळच लिहायचो, आणि वाचून पाहिलं की टोमणा वाटायचा. हाताला सवयच तशी. शेवटी आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वा, झकास. मग तर मला काहीच कळेना."

"म्हणजे... खरं आहे?"

"अक्षरन् अक्षर."

"'शोधून सापडणार नाही' हेसुद्धा?"

"हो."

"'आयुष्य बदलून गेलं'? चांगल्या अर्थाने?"

"चांगल्या अर्थाने." अंधारात पायरी चाचपावी तसा तो एकेक शब्द टाकत होता. "तुम्हाला नोकरीवरून काढू नका. एवढाच अर्थ आहे त्या वाक्याचा. दुसरा नाही."

ठकी मागच्या स्टुलावर मटकन बसली, कोपर पियानोच्या पट्ट्यांवर पडला आणि सगळ्या दालनात एक भला मोठा बेसूर आवाज घुमला. दोघंही दचकली. मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"आणि फाटकापाशी?" तिने ओढणीने डोळे टिपत विचारलं. "'सुटलो एकदाचे'?"

"तो टोमणा होता."

"मला?"

"मलाच. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, असं काय बोलता, येत जा की. तर तुम्ही म्हणालात, बरं झालं."

"तुम्ही म्हणालात म्हणून मी म्हणाले."

"तेच तर. तुम्ही कायम खरं बोलता, म्हणून ते मी खरं धरलं." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "गेले दोन गुरुवार मी दुकान उघडं ठेवलं. घरात बसवेना. दारावर कुणी आलं की..." पुढचं वाक्य कुठेतरी अडकलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं. ठकीने घाई केली नाही. पंख्यांचा वारा दोघांमधून जात-येत राहिला.

"तुम्ही मला आवडता," तो शेवटी म्हणाला. "खूप. आणि हे मी सरळ बोलतोय."

ठकी त्याच्याकडे बघत राहिली. इतकं साधं वाक्य. उलटून-पालटून पाहण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"हे हेड ऑफिसला कळवायचं नाही ना?" तिने हळूच विचारलं.

"नाही. हे तुमच्यापुरतं."

"मग... मलाही." ती इतक्या हलक्या आवाजात म्हणाली की त्या चांगल्या कानांचा माणूसच ते ऐकू शकला असता. त्याने ऐकलं. पियानोच्या काठावर तिचा हात होता. त्याचा हात तिथपर्यंत आला, जरा थबकला आणि तिच्या बोटांवर टेकला. त्याच्या बोटांना तारांचे घट्टे होते. ती खरखर तिला फार आवडली.

मग तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं आणि ती ताडकन उठली. सव्वाचार झाले होते.

*

पाचला सात मिनिटं असताना इंग्रजी पत्र गेलं. शेवटची ओळ होती, 'प्लीज डू नॉट लेट हर गो.' साहेब तिच्या खुर्चीमागे उभे होते.

"नक्की ना हाच अर्थ?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नक्की. लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारून आले."

हेड ऑफिसात तेव्हा सकाळ होती. वीस मिनिटांत उत्तर आलं. ओळ एकच होती: कायम करा, आणि यापुढे शंका असेल तिथे असंच विचारत जा म्हणावं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, एक लांब श्वास सोडला आणि हातातली गोळी परत बाटलीत टाकली.

"जा आता घरी," ते म्हणाले. "तुझ्याहून मीच जास्त घाबरलो होतो."

ठकी बाहेर आली. कारागीर फाटकाबाहेर हत्यारांची बॅग पायाशी ठेवून उभा होता. त्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिने हसून मान हलवली. त्याचे खांदे एकदम खाली आले, मघापासून त्याने कसलं तरी ओझं धरून ठेवल्यासारखे.

दोघं बस थांब्याकडे चालू लागली. ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या कडेने चालताना त्याने बॅग बाहेरच्या हातात घेतली, म्हणजे आतला हात मोकळा राहील. तिच्या ते लक्षात आलं. तिने पिशवी तेवढी दुसऱ्या खांद्यावर टाकली.

थांब्यावर फारसं कुणी नव्हतं. तो तिला बाबांबद्दल विचारत होता, ती सांगत होती, आणि मधेच दोघंही बोलायची थांबत आणि उगाचच समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत. बस आली. दार उघडलं. दोन प्रवासी उतरले, एक जण चढला. कंडक्टरने या दोघांकडे पाहून भुवया उंचावल्या. कुणी हललं नाही, तेव्हा त्याने घंटी मारली.

"तुमचीच बस होती ना ती?" कारागिराने विचारलं.

"हो."

"मग?"

"दुसरी येईल," ठकी म्हणाली आणि थांब्यावरच्या बाकावर त्याच्यासाठी जागा करून बसली.